नऊ वेळा आलेला मजकूर

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे.

वेळ मी लिहून ठेवली आहे. वेळ लिहिणे हेच माझे काम आहे. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी सांगाडे तयार करणारे एक यार्ड आहे. त्याच्या फाटकावर मी टाइमकीपर आहे. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, हे मी सव्वीस वर्षे लिहीत आलो. त्या सकाळी मात्र मी फाटकावर नव्हतो. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात, भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. समोर मोठा टीव्ही होता. त्या टीव्हीवर माझा मजकूर उमटला.

एकाखाली एक, नऊ वेळा. प्रत्येकावर लाल फुली. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत शीर्षक होते. जानेवारीतले स्पॅम.

दिवाणखान्यात तीस-पस्तीस माणसे होती. अमिरातीतल्या मराठी माणसांचा फोनवर एक मोठा ग्रुप आहे, त्याची ही वार्षिक बैठक. टीव्हीशेजारी केदार उभा होता. वय पस्तिशीचे. शारजातच वाढलेला, संगणकाच्या कामातला. ग्रुपची तांत्रिक बाजू तोच सांभाळतो. आधीच्या पानांवर त्याने लॉटरी दाखवली, कर्जाच्या जाहिराती दाखवल्या, फुकट मिळणारे सोन्याचे नाणे दाखवले. लोक हसत होते. मीही हसलो होतो. मग हे पान आले.

"हा बघा, हा क्लासिक पॅटर्न," केदार म्हणाला. "नाइन नंबर्स, एकच टेक्स्ट, सहा मिनिटांत. कॉमासुद्धा सेम."

मागून कोणीतरी म्हणाले, "स्पॅमवाले पण आता 'कळावे' लिहायला लागले की."

हशा झाला. मजकुराच्या शेवटी 'कळावे' होते. ते मी लिहिले होते. पत्र तसेच संपवावे, असे मला शाळेत शिकवले आहे.

पुढच्या सोफ्यावर केदारच्या आई बसल्या होत्या. दोन महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या. चष्मा वर सरकवून त्या पडदा वाचत होत्या. त्या खोलीत वाचत होत्या फक्त त्याच. त्यांनी विचारले, "अरे, पण नऊ वेळा का पाठवलं त्यांनी?"

खरा प्रश्न तो एकच होता. मजकूर ग्रुपवर पडल्यापासून बारा दिवसांत कोणी विचारला नव्हता.

"आई, ती माणसं नाहीत," केदार म्हणाला. "बॉट्स आहेत. यंत्रं. यंत्राला कसलं 'का'?"

पुन्हा हशा.

पडद्यावर नंबर काळ्या पट्ट्यांनी झाकले होते. पट्ट्या अपुऱ्या पडल्या होत्या. नावांची पहिली अक्षरे उघडी राहिली होती. त्यांतले 'ना' मी ओळखले. नामदेव. अकरा वर्षे रोज सकाळी पावणेसहाला तो माझ्यासमोर हजेरी लावतो. तो यंत्र नाही. त्याच्या डाव्या हाताची करंगळी मात्र यंत्राने नेली आहे.

मी गप्प बसलो. हे आधी लिहितो, कारण पुढे जे बोललो ते सांगताना हे विसरण्याचा मोह होतो. नऊ माणसांना यंत्रे म्हटले गेले, आणि ज्याने तो मजकूर लिहिला तो इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून, गप्प बसला.

मजकूर असा होता. सर्व बांधवांस नम्र विनंती. फिटर व वेल्डर यांच्या नोकरीची जी जाहिरात ग्रुपवर आली आहे, तिच्यात दिलेल्या पत्त्यावर कोणतीही कंपनी नाही. प्रत्यक्ष जाऊन पाहिले आहे. कोणीही राजीनामा देऊ नये. पासपोर्टची प्रत पाठवू नये. शंका असल्यास खालील नंबरवर विचारावे. कळावे.

खाली नंबर होता. तो माझा.

जाहिरात जानेवारीच्या शेवटी आली. सुबक इंग्रजी, वर चिन्ह, खाली शिक्का. ती ज्या खात्यावरून आली ते याच डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका जुन्या सभासदाचे होते. पुढे कळले की त्याचा फोन दुसऱ्या कोणाच्या ताब्यात गेला होता. ग्रुपवर येणारे सगळे तपासायला केदारने एक प्रोग्राम बसवला आहे. खाते जुने, इमारतीचा पत्ता नोंदलेला, म्हणून प्रोग्रामने जाहिरात जाऊ दिली. जाहिरातीत हमरियातला प्लॉट नंबर होता. नामदेवने तो मला दाखवला. दुपारच्या सुट्टीत मी चालत गेलो. त्या प्लॉटवर वाळू होती. वाळूत एक मोडके केबिन, आणि त्याच्या सावलीत दोन मांजरे.

संध्याकाळी मी मजकूर लिहिला आणि नामदेवच्या खोलीतल्या नऊ जणांना दिला. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून टाकायचा, असे सांगितले. यात माझी चूक झाली. पण ती कोठून आली ते सांगणे भाग आहे.

आमच्या कामगार निवासात, म्हणजे कॅम्पमध्ये, एका माणसाचा अर्ज टेबलाच्या खणात जातो. खोलीतला एसी बंद पडला आणि एकाने अर्ज दिला, तर कॅम्प बॉस म्हणतो, "इन्शाल्ला." खलास. एसी पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त होतो. पण त्याच मजकुराचे नऊ अर्ज नऊ जणांनी वेगवेगळे दिले, की त्याला नऊ नोंदी कराव्या लागतात. नऊ नोंदी वरच्या साहेबाला दिसतात. म्हणून आम्ही एकच मजकूर करतो आणि प्रत्येक जण आपली प्रत देतो. आमच्याकडे सारखेपणा हा खरेपणाचा पुरावा असतो. त्या ग्रुपवर तो खोटेपणाचा पुरावा ठरला. नऊ नवी खाती, एकच मजकूर, शेवटी नंबर. शेवटचा पडल्यापासून चार मिनिटांत नऊही मेसेज पुसले गेले. नऊही माणसे ग्रुपबाहेर काढली गेली. कारण कोणाला सांगितले गेले नाही. नामदेवला वाटले त्याचा फोनच बिघडला. तो फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेला.

जाहिरात आणखी तीन दिवस राहिली.

आमच्या शेजारच्या यार्डात वसंत होता. पाइप फिटर. राजापूरकडचा, चाळिशीचा, बायको आणि दोन मुली गावी. त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नवे पत्र हातात आहे या भरवशावर व्हिसा रद्द करून घेतला. पत्र खोटे निघाले तेव्हा जुन्या कंपनीत त्याच्या जागी माणूस आला होता. जाण्याच्या आदल्या दिवशी तो फाटकावर आला. चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाला, "काका, तुम्हाला ठाऊक होतं, तर ग्रुपवर का नाही टाकलंत?"

मी म्हणालो, "टाकले होते."

त्याने फोन काढला. ग्रुप उघडला. वर वर जात राहिला. तीन-चार मिनिटे शोधत होता. तेथे काहीच नव्हते. त्याने फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. खोटे बोलणाऱ्या म्हाताऱ्याकडे जसे पाहतात तसे. मग म्हणाला, "असू दे काका." गुरुवारी तो गेला.

हे सांगण्यासाठी मी त्या बैठकीला आलो होतो. मजकुराची छापील प्रत खिशात होती. हमरियाहून बस, मग मेट्रो. जवळजवळ अडीच तास. माझी पाळी येण्याआधीच तो मजकूर टीव्हीवर आला.

आणि मी गप्प का बसलो, तेही सांगतो.

मी तेरा वर्षांचा होतो. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत लिहिता येणारा मी एकटा. नळासाठी पाच घरांचा मिळून एक अर्ज लिहिला, खाली पाच अंगठे. तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला, एका घराचा एक अर्ज आणा. मी पाच अर्ज लिहिले. वडिलांबरोबर पुन्हा गेलो. त्याने पाचही समोर मांडले, अक्षर पाहिले आणि म्हणाला, "पाचांचं अक्षर एक. खोटे आहेत. लिहिले कोणी?"

मी वडिलांच्या मागे उभा होतो. वडील खाली पाहत म्हणाले, "ठाव नाही साहेब."

कारकुनाने पाचही अर्ज आडवे फाडले. मी बोललो नाही. वडिलांनी मला वाचवले, असे तेव्हा वाटले. त्या दिवसापासून एक सवय लागली. लिहावे, पण सही करू नये. पुढे पन्नास वर्षे मी इतरांचे अर्ज लिहिले. रजेचे, औषधाचे, शव गावी नेण्याच्या परवानगीचे. एकाही अर्जावर माझी सही नाही. टाइमकीपर हा स्टाफ, स्टाफने कामगारांच्या कागदावर सही करायची नसते, असे मी स्वतःला सांगत आलो. हा मजकूरही मी ग्रुपवर स्वतः टाकला नाही. नऊ जणांकडून टाकवला. मी टाकला असता तर तो दहावा ठरून गेला असता, किंवा पहिला म्हणून राहिलाही असता. सवयीला मी शिस्त म्हणत होतो. ती भीती होती.

केदारने पुढचे पान लावले. नवा नियम. तो शुभदाताईंनी वाचून दाखवला. फ्लॅट त्यांचा, ग्रुप सुरू केला तोही त्यांनीच. स्पॅम रोखण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठ दिवसांत पुन्हा नोंदणी करावी. कंपनीचा ईमेल द्यावा. राहत्या घराच्या भाडेकराराची प्रत द्यावी. आडनाव आणि मूळ गाव लिहावे. जो देणार नाही, तो आपोआप बाहेर.

कॅम्पमधल्या माणसाला कंपनीचा ईमेल नसतो. भाडेकरार कंपनीच्या नावे असतो, त्याची प्रत त्याने कधी पाहिलेली नसते. राहिले आडनाव आणि गाव. ते आम्ही देऊ शकतो. ती दोन एका ओळीत लिहिली, की उरलेले समोरचा माणूस मनात स्वतः भरतो.

त्या ग्रुपवर काय असते, तेही सांगतो, म्हणजे यात गेले काय हे कळेल. गावी जाणारा कोणी असला तर औषध पाठवता येते. कोणती कंपनी बुडते आहे ते आधी कळते. व्हिसाचा नियम बदलला की कोणीतरी तो मराठीत समजावून सांगतो. कोणी मेला, तर त्याच्या जिल्ह्यातला माणूस सापडतो. फ्लॅटमधल्या माणसाला हे कळायला दुसऱ्या दहा वाटा असतात. खोलीतल्या माणसाची वाट ही एकच.

मी हात वर केला. शुभदाताई म्हणाल्या, "बोला काका."

कॅम्पमधल्या माणसाकडे या गोष्टी नसतात, एवढे मी सांगितले.

त्या समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमचं वेगळं आहे. तुम्ही आमचेच. तुम्हाला आम्ही एक्झेम्प्ट करू. तुमच्या ओळखीचे दोन-चार चांगले असतील, तर त्यांनाही घेऊ. पण सगळा कॅम्प नको. लेडीज आहेत ग्रुपवर. लोक कम्फर्टेबल नसतात हो."

काहींनी माना हलवल्या. एकाने माझ्याकडे पाहून स्मित केले. मला काढत नव्हते. मला ठेवत होते. दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीलगतच्या खुर्चीवर.

मी उभा राहिलो. केदारला म्हणालो, "मागच्या पानावर जा."

तो गेला. नऊ मजकूर, नऊ फुल्या.

"मजकुराच्या शेवटी जो नंबर होता, तो तुझ्याकडे असेल. त्यावर फोन लाव."

"काका, स्कॅम नंबरला कॉल करायचा नसतो," तो हसत म्हणाला.

"लाव."

त्याने आपल्या लॅपटॉपवर पाहून नंबर लावला. दिवाणखान्यात माझ्या खिशात फोन वाजला. मी तो घेतला नाही. वाजू दिला. सात-आठ वेळा वाजला असेल. कोणी हसले नाही.

"हा मजकूर मी लिहिला," मी म्हणालो. "ते नऊ जण माणसे आहेत. नऊ वेळा का, तर एकदा सांगून आमचे कोणी ऐकत नाही, म्हणून."

केदारच्या आई मुलाकडे पाहत राहिल्या. मुलगा लॅपटॉपकडे पाहत होता.

केदारची बाजूही लिहितो, कारण ती खरी आहे. ऑफिसमधून घरी आल्यावर तो रोज तास दीड तास ग्रुपवरची घाण काढतो. मोबदला नाही. बायकांना घाणेरडी चित्रे पाठवणारे असतात. खोटे व्हिसा विकणारे असतात. फाटक उघडे टाकले, तर आठ दिवसांत ग्रुपचा उकिरडा होईल. हे मला त्याने शिकवायची गरज नाही. मी फाटकावरचा माणूस आहे.

तो म्हणाला, "काका, सॉरी, मनापासून. पण सिस्टिमला कसं कळणार हे?"

"सिस्टिमला कळणार नाही. तुला कळले असते. खाली नंबर होता. एक फोन लावायचा होता."

"दिवसाला शंभर मेसेज अडकतात काका. एकेकाला फोन लावायला टाइम कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

मग फाटकावर मी काय करतो ते सांगितले. खोटे गेटपास रोज येतात. दुसऱ्याचा पास घेऊन माणसे येतात. कागद पाहून ते ओळखू येत नाहीत. खोट्या माणसाचा कागद बहुधा खऱ्यापेक्षा नीट असतो. म्हणून मी एक प्रश्न विचारतो. काल तुझ्या शेजारी कोण कामाला होता? खरा माणूस लगेच नाव सांगतो, वर त्याची एखादी तक्रारही सांगतो. खोटा वर पाहतो. वीस सेकंदांचे काम. आणि ज्याला अडवतो त्याला का अडवले ते तोंडाने सांगतो, काय आणले म्हणजे सोडीन तेही सांगतो. सव्वीस वर्षांत खरा माणूस माझ्या फाटकावरून एकदाही गुपचूप परत गेलेला नाही.

ग्रुपवर तसेच करा, असे मी म्हणालो. नवीन माणसाचा मेसेज अडला तर पुसू नका, बाजूला ठेवा. कोणीतरी वाचा. त्याला फोन करा, आवाज ऐका. ग्रुपमधल्या कोणी त्याला समोरासमोर पाहिले आहे का, तेवढे विचारा. ईमेल मागू नका. काढलेच, तर कारण सांगा. कॅम्पमधल्या माणसांचे फोन मी करीन. रोज संध्याकाळी एक तास.

एक गृहस्थ म्हणाले, "हे स्केल नाही होत, काका." बाकीच्यांना तो शब्द पटला.

हात वर करून मतदान झाले. नियम मंजूर झाला. विरुद्ध दोन हात होते. एक माझा. दुसरा केदारच्या आईंचा. त्या सभासद नाहीत, म्हणून तो धरला नाही.

शुभदाताई दारापर्यंत आल्या. पोहे खाऊन जा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काका, तुमचं मात्र पक्कं हं. तुम्हाला काही भरावं लागणार नाही."

मी म्हणालो, "ज्या नियमाने ते नऊ जण स्पॅम ठरतात, त्याच नियमाने मी दहावा आहे. मला सवलत नको."

त्या म्हणाल्या, "राग नका मानू."

राग नव्हता. राग असता तर उतरला असता. मी बूट घातले आणि निघालो.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. फोन काढला. मजकूर लिहायला तीन स्थानके लागली. जानेवारीत पुसलेला इशारा जसाच्या तसा दिला. त्याखाली लिहिले की हा मजकूर माझा आहे, तो माझ्या सांगण्यावरून नऊ जणांनी टाकला होता, तो पुसला गेल्यामुळे एका माणसाची नोकरी गेली. वसंतचे नाव दिले नाही. ते त्याला विचारल्याशिवाय देता येत नाही. शेवटी कळावे लिहिले. त्याखाली माझे पूर्ण नाव, आडनाव, मूळ गाव, वस्तीचे नाव, काम, फाटक क्रमांक. आयुष्यात प्रथमच.

पाठवला. प्रोग्रामकडे मी जुनाच सभासद होतो. चार मिनिटे पडद्याकडे पाहत राहिलो. मजकूर राहिला. दोघांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. एकाने लिहिले, "काका, मॅटर काय आहे?" मी उत्तर दिले नाही. मजकुरातच मॅटर होता. ग्रुपमधून स्वतः बाहेर पडलो.

दुबईच्या देरा भागात उतरलो. शारजाच्या बसला वेळ होता. तेथे एका दुकानातून जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची वही घेतली. बसमध्ये रेघा मारल्या. नाव. नंबर. कोणी पाहिले आहे. काय विचारले. काय उत्तर आले. अडवले असल्यास कारण. कारण सांगितले का. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवला.

चार वाजता नामदेवच्या खोलीत गेलो. काय झाले ते सांगितले. त्यांना यंत्रे म्हटले, तेही सांगितले. लपवले नाही. मग खाटेवरून महादेव म्हणाला, "यंत्र असतो तर बरं झालं असतं काका. यंत्राला महिन्याला तेल घालतात." हसले सगळे. नामदेव हसला नाही. तो म्हणाला, "मी उगीच फोन दुरुस्तीला नेला."

तेथेच नवा ग्रुप केला. नऊ जण, दहावा मी. नियम एकच. आत यायचे तर आमच्यापैकी एकाने तुम्हाला समोरासमोर पाहिलेले असावे. फ्लॅट असो, खोली असो. नियम मी लिहिला आणि खाली सही केली. मग नऊ जणांनी आपापल्या ओळखीत तो पाठवला. या वेळी मजकूर एक नव्हता. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिले. नामदेवने दोन ओळी लिहायला वीस मिनिटे घेतली. मी मदत केली नाही.

सातपर्यंत सहा विनंत्या आल्या.

हमरियातल्या दवाखान्यातल्या एका नर्सबाई होत्या. आमच्यापैकी कोणी पाहिले आहे, हा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "महादेव. डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता, मी काढला. आणि औषध वेळेवर घालत नाही तो, सांगा त्याला." महादेवला विचारले. तो ओशाळला. नाव लिहिले. दीड मिनिट लागले. आणखी तिघे फिटर होते, तिघांच्या साक्षी निघाल्या. पाचवा नंबर उचलला गेला, पण पलीकडे आवाज नव्हता. दुसऱ्यांदा लावला तर कापला. तिसऱ्यांदा मेसेज आला. घरबसल्या कमाई. वहीत लिहिले, नाही.

सहावा केदार होता.

मी फोन लावला. तो म्हणाला, "काका, तुमचा मेसेज वाचला. आईनं वाचायला लावला, खरं तर. तुमच्या नव्या ग्रुपचं कोणीतरी फॉरवर्ड केलं. येऊ का? टेक्निकल हेल्प करीन."

मी सगळ्यांना विचारला तोच प्रश्न विचारला. आमच्यापैकी कोणी तुला समोरासमोर पाहिले आहे?

"तुम्हीच ना," तो म्हणाला.

"मी तपासणारा आहे. तपासणाऱ्याची साक्ष धरत नाही. दुसरे नाव सांग."

तो आठवू लागला. शारजात जन्म, शारजात शाळा. पस्तीस वर्षे. हमरिया तेथून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. त्याला एकही नाव सांगता येईना.

तेव्हा मला त्या कचेरीतला कारकून आठवला. हेही लिहून ठेवतो. फाटकावर बसलेल्या माणसाला तो होणे फार सोपे असते. मी हातातल्या वहीकडे पाहिले. 'कारण सांगितले का' हा शेवटचा रकाना रिकामा होता.

मी म्हणालो, "तुला आत घेता येत नाही. कारण, तुझा साक्षीदार नाही. पुसलेले नाही, नोंद ठेवली आहे. पुढच्या रविवारी खोलीवर ये. नऊ जण असतात. त्यांना भेट. त्यांतला एक जरी म्हणाला की मी याला पाहिले आहे, तर त्याच मिनिटाला घेईन."

"रविवारी?" तो म्हणाला. मग, "बघतो काका."

तो येईल की नाही, मला ठाऊक नाही. ते माझे काम नाही. यापुढे माझ्या अक्षरातला एकही कागद माझ्या सहीशिवाय जाणार नाही. कोणाच्या खुर्चीवर बसण्यासाठी इतरांना बाहेर ठेवणारी सवलत मी घेणार नाही. आणि माझ्या फाटकावर अडलेल्या माणसाला मी का अडवले ते त्याच्या तोंडावर सांगेन, मग तो डिस्कव्हरी गार्डन्सचा असो की कॅम्पचा.

वसंतला फोन लावला. त्याने उचलला नाही. ग्रुपवरच्या माझ्या सहीच्या मजकुराचे चित्र त्याला पाठवले. खाली काही लिहिले नाही.

मग वही उघडली. सहाव्या ओळीत केदारचे नाव आणि नंबर लिहिला. साक्षीदार नाही. कारण सांगितले. वेळ, सात वाजून बेचाळीस मिनिटे. फोन चार्जिंगला लावला.